चतुःसीमा नसलेलं घर

मुंबई, ता. २० नोव्हेंबर १९३६

तीर्थस्वरूप रेवणसिद्धकाकांस कल्याणचे शरणार्थ.

दिवाळीचा डबा पोचला. पोस्टात करंज्यांचा चुरा झाला होता, पण नीलम्माने तो चमच्याने वाटून दिला आणि आम्ही दोघांनी सोनपेठची आठवण काढत खाल्ला.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. परळच्या या एका खोलीत आमचं लग्न झाल्यापासून चाललंय. आता एक चांगली संधी आली आहे. दादरला पंचवीसेक कुटुंबांनी मिळून एक सहकारी संस्था काढली, जमीन घेतली आणि तिमजली इमारत बांधली. लोक तिला नुसतं सोसायटी म्हणतात. प्रत्येक कुटुंबाला एक ब्लॉक, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि घरातच नळ. आपण संस्थेचे शेअर घ्यायचे, सभासद व्हायचं, की ब्लॉक आपल्याला कायमचा राहायला. त्यातले एक सभासद बदली होऊन नागपूरला चालले आहेत. त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक मोकळा होतोय.

दादरला भाव वाढतच जाणार. पैसा गुंतवायला याहून भरवशाची जागा मला दिसत नाही. माझी एकट्याची ऐपत नाही. तुम्ही मनावर घेतलंत तर घराण्याचं मुंबईत एक ठिकाण होईल.

आत्याला माझा नमस्कार सांगा.

आपला
कल्याण

सोनपेठ, कार्तिक वद्य ३, शके १८५८
॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

चिरंजीव कल्याण यास आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात चारचौघांत वाचलं. सगळे हसले. मी हसलो नाही, कारण तू माझ्या भावाचा मुलगा आहेस.

मी आयुष्यभर भुसार विकलं. पोत्यात बोटं घातल्याशिवाय मी ज्वारीसुद्धा घेत नाही. तू मला घर घ्यायला सांगतोस आणि त्या घराची चतुःसीमा लिहीत नाहीस. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, उत्तरेला कुणाची भिंत, दक्षिणेला कुणाचा बोळ? आपल्याकडे घर घेताना चारी शेजाऱ्यांना बोलावतात, सुपारी देतात. शेजारी भिंतीला हात लावून "हद्द कबूल" म्हणतो, तेव्हा कुठे घर आपलं होतं. तुझ्या ब्लॉकला तर चार सोडून सहा बाजू निघाल्या. वर कोण, खाली कोण? वरच्याने पाणी सांडलं तर माझ्या लिंगपूजेवर गळणार. खालच्याने मासळी तळली तर वास माझ्या ताटात. माझं छत म्हणजे त्याची जमीन आणि माझी जमीन म्हणजे आणखी कुणाचं छत. मग माझं काय? मधली हवा?

शिवाय तूच लिहितोस की इमारत सगळ्यांची. सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. नागपूरला चाललेला तो माणूस खरंच बदलीनं चाललाय की पळून, हेही पाहा. आणि आपले निजामाचे हाली रुपये देऊन इंग्रजी कलदार घ्यायचे, त्यातला बट्टा कोण सोसणार?

उत्तर नीट विचार करून लिही.

रेवणसिद्ध

मुंबई, ता. ९ डिसेंबर १९३६

तीर्थस्वरूप काकांस शरणार्थ.

आपण विचारलंत ते योग्यच आहे. वर एक शाळामास्तर राहतात, खाली पोस्टातले एक हेडक्लार्क. दोघेही शाकाहारी आहेत, याची मी त्यांच्या खिडक्यांखाली उभं राहून खात्री करून घेतली. नागपूरच्या गृहस्थांचा बदलीचा हुकूम मी डोळ्यांनी पाहिला.

दस्तात चतुःसीमा नसते हे खरं आहे. शेअरच्या कागदावर फक्त सभासदाचं नाव असतं. विकायचं झालं तर आधी सोसायटीच्या कमिटीची मंजुरी लागते. पण इथे मोठमोठ्या लोकांचा व्यवहार असाच चालतो.

पैशांचं म्हणाल तर मला एक सुचतं, राग मानू नका. आजीने आत्याला चोळीबांगडीत तिच्या नावावर करून दिलेला चुडाव्याच्या स्टेशनाजवळचा जमिनीचा तुकडा नुसता पडून आहे. जिनिंगवाले व्यंकटराव तो मागताहेत असं कानावर आलं. तो विकून आत्याचे पैसे इथे गुंतवले तर तिचंही भलं होईल.

आपला
कल्याण

सोनपेठ, मार्गशीर्ष शुद्ध ५

चि. कल्याण यास.

आता पोटातलं ओठांवर आलं. ब्लॉक, नळ, शाळामास्तर हे सगळं वरवरचं होतं. तुझा डोळा चुडाव्याच्या जमिनीवर आहे.

ती जमीन गंगूची आहे आणि गंगू माझी बहीण आहे. विधवा झाल्यावर तिला पालमच्या सासरहून बैलगाडीत घालून मी आणलं, तू नाही. व्यंकटरावाशी माझं बोलणं पक्कं होत आलंय. पैसे बन्सीधरच्या नव्या दुकानात लागतील, म्हणजे घरातच राहतील आणि तिच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होईल. माझ्या पोराच्या दुकानाला सोनपेठच्या बाजारात चतुःसीमा आहे.

आणि विकताना कमिटीची मंजुरी, हे तू एका ओळीत उरकलंस ते मला दिसलं नाही असं समजू नकोस. माझ्या घराचा मी मालक आणि विकायला परक्याला विचारायचं? असल्या घराला मी घर म्हणत नाही, धर्मशाळा म्हणतो.

या विषयावर गंगूला एक अक्षर लिहायचं नाही. तिला व्यवहारातलं कळत नाही.

रेवणसिद्ध

सोनपेठ, मार्गशीर्ष शुद्ध ८

चि. कल्याण यास गंगम्माआत्याचे आशीर्वाद.

अण्णा तुझी पत्रं दुकानात मोठ्यानं वाचतो आणि माझी खोली दुकानाच्या मागे आहे. मधे कुडाची भिंत. त्यामुळे मला सगळं ठाऊक आहे, त्याने तुला लिहिलेलंसुद्धा, कारण लिहितानाही तो मोठ्यानं म्हणतो.

फाल्गुनात बन्सीधरचं लग्न आहे. त्यानंतर माझ्या खोलीत ज्वारीची पोती येणार आणि मी माळवदावरच्या खोलीत जाणार. मला कुणी विचारलं नाही. वहिनीने माझी ट्रंक उचलून बघितली, जड आहे का म्हणून, त्यावरून कळलं. पालमला माझे यजमान, तुझे मामा, गेल्यावर असंच झालं होतं. तेव्हा दिराने माझी चूल मागल्या दारी नेली होती. तीही विचारून नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बाईमाणसाला सभासद होता येतं का? आणि जिवंत आहे तोवर तिला कुणी उठवू शकतं का?

अण्णा म्हणतो तुझा डोळा माझ्या जमिनीवर आहे. त्याचं खरं असेलही. म्हणून नीट उत्तर दे, गोड उत्तर देऊ नकोस.

पत्र तानुबाई कासारणीच्या पत्त्यावर टाक. वहिनीनं विचारलंच, "वन्सं, तुमचं कासारणीकडं काय काम हाय?" मी म्हटलं, बांगड्या बघायला कुणाची मनाई हाय का? तेव्हापासून ती माझ्या मनगटांकडं बघायलीय.

गंगम्मा

मुंबई, ता. २ जानेवारी १९३७

तीर्थस्वरूप आत्याबाईंस शरणार्थ.

तुझं पत्र वाचून आधी वाटलं, काकांनीच तुझ्याकडून लिहवून घेतलं, माझी परीक्षा पाहायला. मग तानुबाईचा पत्ता पाहिला आणि विश्वास बसला. तरी एक विनंती, हे पत्र वाचून चुलीत घाल.

बाईला सभासद होता येतं. नियमात तशी आडकाठी नाही. पण आत्या, मुंबईच्या सभा, सह्या, कमिट्या, यात तू कुठे पडणार? व्यवहार माझ्या नावावर केला तर सोपा जाईल. तू आमच्याजवळ राहा. खिडकीजवळची जागा तुझी. नीलम्मा तुला आईसारखी मानते. माझं नाव काय आणि तुझं नाव काय, घर एकच.

लवकर कळव. दुसरं गिऱ्हाईक टपून बसलंय.

तुझा
कल्याण

सोनपेठ, पौष शुद्ध ४

चि. कल्याण यास आशीर्वाद.

कुणाला सोपा जाईल, ते लिहायचं राहिलं.

दिरानेही हेच म्हटलं होतं, घर एकच. अण्णाही म्हणतो, पैसे घरातच राहतील. आता तू. प्रत्येकाच्या घरात माझी जागा आहे, आणि ती नेहमी खिडकीजवळ किंवा चुलीजवळ असते. मला त्याचा कंटाळा आलाय रे.

मी अण्णाला सांगितलं, व्यंकटरावाच्या कागदावर सही करते, पण आधी तू मुंबईला जाऊन ते घर डोळ्यांनी बघ आणि खरं काय ते मला लिही. तुझी लबाडी उघडी पाडायला मिळणार म्हणून तो लगेच तयार झाला. धोतरं भट्टीला दिली आहेत.

त्याला अडवू नकोस आणि काही शिकवूनही ठेवू नकोस. तुम्ही दोघं एकमेकांवर नजर ठेवाल, तेवढं मला पुरे आहे.

गंगम्मा

मुंबई, माघ शुद्ध ३

चि. सौभाग्य नसलेल्या पण अक्कल असलेल्या माझ्या बहिणीस, गंगूस, आशीर्वाद.

मी सांगितलं होतं तसंच निघालं. सविस्तर लिहितो.

इमारत आहे. ती नसेल अशी मला शंका होती, पण आहे. भिंतीवर काठी मारून पाहिली, आवाज भरीव आला. नळ सोडून बघितला, पाणी आलं. पण या गोष्टी दाखवायला ठेवलेल्या असतात. म्हणून मी सोनपेठहून सुपाऱ्या घेऊन आलो होतो, त्या काढल्या. डावीकडच्या शेजाऱ्याला दिली, उजवीकडच्याला दिली. मग जिना चढून वरच्या मास्तरला आणि उतरून खालच्या हेडक्लार्कला. प्रत्येकाला म्हटलं, भिंतीला हात लावा आणि हद्द कबूल म्हणा. मास्तर गोंधळला. त्याने विचारलं, "मी कुठे हात लावू, जमिनीला?" मी म्हटलं, "मंग काय आभाळाला लावता? तुमची जमीन म्हंजे आमचं छत हाय." बिचारा ओणवा झाला आणि फरशीला हात लावून कबूल म्हणाला. कल्याण जिन्यात तोंड लपवून उभा होता.

आता मुद्द्याचं. सोसायटीचे चिटणीस आबासाहेब म्हणून आहेत. बोलण्यात गोड, म्हणून मी सावध. ते सहज म्हणाले, "कल्याणरावांनी सांगितलंय, ब्लॉक तेच घेणार." ऐकलंस? तुझा पैसा आणि नाव त्याचं! आल्या दिवसापासून त्याने तुझं नावसुद्धा तिथे काढलेलं नाही.

मग मी आबासाहेबांची उलटतपासणी घेतली. म्हटलं, "समजा ब्लॉक माझ्या बहिणीच्या नावावर हाय. उद्या म्या तिच्या सहीचा कागद घेऊन आलो, तर विकून द्याल का न्हाई?" म्हणाले, "नाही. बाईंनी स्वतः येऊन कमिटीपुढे सांगावं लागेल." मी म्हटलं, "म्या सख्खा भाऊ हाय तिचा." म्हणाले, "असाल." असाल! एवढंच. मग म्हणाले, भाऊ आला, दीर आला, पुतण्या आला, तरी सभासदाच्या तोंडून ऐकल्याशिवाय इथे वीटसुद्धा हलत नाही. आणि तिला घरातून उठा म्हणायचा अधिकार तर तुमच्यापैकी कुणालाच नाही.

सांग, ही काय माणसं आहेत? घरच्या कर्त्या पुरुषाला ओळखत नाहीत. तू अडचणीत आलीस, चार पैसे लागले, तर मी हात बांधून बसायचं? असल्या घरात पैसा घालणं म्हणजे विहिरीत घालणं. मी तिथल्या तिथे आबासाहेबांना सांगून टाकलं की आमचा विचार रद्द.

तेव्हा व्यंकटरावाचा कागद आला की सही करून ठेव. बाकी मी आल्यावर पाहतो. जिने चढून गुडघा सुजलाय, म्हणून तुझं उत्तर येईपर्यंत कल्याणकडेच आहे. नीलम्मा लेप लावते. मुलगी चांगली आहे, नवरा लबाड.

रेवणसिद्ध

चुडावा, माघ शुद्ध ११

ती. अण्णास गंगूचे शरणार्थ. कल्याणलाही हेच पत्र वाचून दाखव. तू मोठ्यानं वाचतोसच.

पत्त्यावरून तुला कळलं असेल. तुझं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी मी तानुबाईला सोबत घेऊन चुडाव्याला आले. व्यंकटरावाच्या कागदावर सही केली, तू सांगितलीस तशी. पैसे मात्र त्यांच्याकडून माझ्या हातात घेतले. त्यांनी विचारलं, "रेवणसिद्धअप्पा कुठं हायत?" मी म्हटलं, मुंबईला माझं घर बघायला गेलेत.

अण्णा, तू कल्याणबद्दल लिहिलंस ते खरं निघालं. तो तुझ्याबद्दल मनात म्हणत असेल तेही खरं आहे. तुम्ही दोघांनी एकमेकांवर घेतलेला एकही संशय खोटा ठरला नाही. माझ्यावर मात्र कुणी संशय घेतला नाही. गंगूला व्यवहारातलं कळत नाही, एवढ्यावर दोघांचं एकमत होतं.

तू चतुःसीमा विचारत होतास. पालमच्या घराला होती. पूर्वेला थोरला दीर, पश्चिमेला धाकटा, उत्तरेला सासू, दक्षिणेला देऊळ. त्या चौघांच्या मधे मी होते आणि कागदावर माझं नाव कुठेच नव्हतं. तुझ्या घरालाही चतुःसीमा आहे आणि त्यात माझ्या खोलीत पोती येतात. कल्याणने लिहिलं होतं की मुंबईला एक कागद मिळतो, त्यावर हद्द नाही, शेजारी नाही, नुसतं नाव. आणि आता तू लिहितोस की भाऊ आला तरी तिथे वीट हलवत नाहीत. हे तू मला घाबरवायला लिहिलंस. मी ते पत्र तीन वेळा वाचलं आणि तानुबाईच्या ओसरीवर बसून रडले. दुःखानं नाही.

तू खरं काय ते लिहिलंस, तेवढे तुझे उपकार.

आबासाहेबांना जाऊन सांग, विचार रद्द नाही. मी येतेय. त्यांना बाईच्या तोंडून ऐकायचं आहे ना, मी सांगेन.

कल्याण, तू आणि नीलम्मा माझ्याकडे राहायला या. खिडकीजवळची जागा तुमची.

गंगम्मा

सोनपेठ, पौष वद्य ५, शके १८६०
॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

गंगूस आशीर्वाद.

दोन वर्षं मी लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस. बन्सीधरच्या लग्नाला तू आली नाहीस, असं मी लोकांना सांगत असतो. बोलावणं गेलं नव्हतं ते सांगत नाही.

इकडे सर्व ठीक. बन्सीधरने दुकान वाढवलं. आता गादीवर तोच बसतो. धंदा झपाट्यानं करतो, मला विचारण्यात वेळ घालवत नाही. पोती वाढल्यामुळे मधली खोलीही गोदामात गेली. माझी बाज सध्या माळवदावरच्या खोलीत आहे. हवा चांगली असते. शिडी तेवढी उभी आहे आणि गुडघा तुला ठाऊकच आहे. तुझी वहिनी कस्तुरा खालीच सुनेजवळ निजते. मागच्या आठवड्यात बन्सीधरने घराचे कागद माझ्याकडून मागून घेतले, बँकेत दाखवायला म्हणून. अजून परत आले नाहीत. आले की कळवीन.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. माझ्याच वयाचे, भुसाराचाच धंदा. ते सहज चौकशी करत होते, की तुमच्या त्या सोसायटीत एखादा ब्लॉक मोकळा होणार आहे का. अगदी लहान असला तरी चालेल. आणि त्यांना हेही हवं होतं, की म्हातारा माणूस सभासद झाला तर कमिटी त्याच्या मुलाला विचारते का. मला स्वतःला या गोष्टीत काही राम वाटत नाही, पण गृहस्थ भला आहे म्हणून विचारतो.

शिवरात्रीच्या सुमारास मुंबईला माझं थोडं काम आहे. तुझ्याकडे उतरायचं तर आधी तुमच्या कमिटीची परवानगी काढावी लागते का, ते लिही.

रेवणसिद्ध

मुंबई, ता. २५ जानेवारी १९३९

ती. अण्णास गंगूचे शरणार्थ.

त्या गृहस्थांना सांग, मुलाला विचारत नाहीत. तळमजल्यावरची एक खोली वैशाखात मोकळी होणार आहे. जिना नाही. मी आबासाहेबांच्या कानावर घालून ठेवलंय. ते म्हणाले, "सुपारीवाले का? त्यांना मी ओळखतो." पैशांचं ते गृहस्थ आल्यावर बोलू. बन्सीधरला आधी काही सांगू नका म्हणावं, आणि बाकीचे कागद ट्रंकेत ठेवून किल्ली कमरेला लावा म्हणावं.

तू विचारलेली चतुःसीमा आता लिहून पाठवते. पूर्वेला जिना आणि त्यापलीकडे शेजारी, उत्तर-दक्षिणेला खिडक्या. पश्चिमेला एक डॉक्टरीण, तिचा मुलगा माझ्याकडे भाकरी खायला येतो. वर मास्तर. त्यांनी तुझी सुपारी अजून देवापाशी ठेवली आहे आणि पाणी सांडलं की वरून ओरडून माफी मागतात. खाली हेडक्लार्क. कल्याण आणि नीलम्मा बाहेरच्या खोलीत आहेत. पहिलं वर्ष तो तोंड फुगवून होता. आता आपल्या मठाचे स्वामी पाद्यपूजेला येतात तेव्हा त्यांना घेऊन यायला तोच स्टेशनवर जातो आणि लोकांना सांगतो, हे माझ्या आत्याचं घर.

परवानगी कुणाचीही नको. तू शिवरात्रीला ये, लागलं तर आधीच ये. गुडघ्यासाठी एक एक पायरी चढ, मला घाई नाही.

फक्त वर आलास की दार वाजव. पालमला आणि सोनपेठला मी राहिले, तिथे माझ्या खोलीत सगळे सरळ आत यायचे. तुझ्यासाठी मी आतून कडी लावून बसणार आहे. तू वाजव, मी विचारीन कोण आहे, तू सांग, आणि मग मी उघडीन.

तुझी
गंगू